हाताला बसणारं पिस्तूल

सातारा जिल्ह्यातल्या कितीतरी घरांत फौज ही लांबची गोष्ट नाही. अपशिंगे मिलिटरी या गावाच्या तर नावातच ती आहे. देशातली पहिली सैनिक शाळा २३ जून १९६१ रोजी सुरू झाली तीही साताऱ्यातच. अशा घरातल्या मुलाने किंवा मुलीने ‘मला नेमबाजी शिकायचीय, पिस्तूल घ्या’ म्हटलं, की घरच्यांच्या डोळ्यांपुढे कमरेला लावायचं काळं, चौकोनी, फौजी पिस्तूल उभं राहतं. बाजारात तसं दिसणारं हवेचं पिस्तूल मिळतंही आणि स्वस्तातही मिळतं. ते घेऊ नका, हे मी अगदी सुरुवातीलाच सांगतो.

फौजेतल्या ज्या माणसांनी पिस्तुलावर देशाला पदकं मिळवून दिली त्यांच्या हातात काय होतं ते बघा. सुभेदार विजयकुमार यांनी २०१२ च्या लंडन ऑलिंपिकमध्ये २५ मीटर रॅपिड फायरचं रौप्य जिंकलं. गोरखा रायफल्सच्या जितू राय यांनी २०१४ च्या आशियाई स्पर्धेत ५० मीटर पिस्तूलचं सुवर्ण घेतलं. दोघेही पक्के फौजी, पण पदकं मिळवून देणारी त्यांची पिस्तुलं खास स्पर्धेची होती. मूठ स्वतःच्या पंजावर कोरलेली, चाप ग्रॅममध्ये बसवलेला. शिकणाऱ्याला लागतं ते असं पिस्तूल. ते कमी पैशांत कसं घ्यायचं आणि घेतल्यावर आपल्या हाताला कसं बसवायचं, ते क्रमाने लिहितो.

आधी कायदा

दुकानात जाण्याआधी हे वाचा. भारतात बंदुका-पिस्तुलांचा व्यवहार शस्त्र अधिनियम १९५९ आणि शस्त्र नियम २०१६ यांच्यानुसार चालतो. हवेचं पिस्तूल ४.५ मिलिमीटर, म्हणजे ०.१७७ बोअरचं असेल आणि त्याची ताकद २० जूलच्या आत असेल, तर परवाना लागत नाही. दहा मीटरच्या स्पर्धेचं पिस्तूल या मर्यादेच्या खूपच आत बसतं. अर्ध्या ग्रॅमच्या आसपासचा छर्रा ते सेकंदाला साधारण दीडशे मीटर वेगाने सोडतं, म्हणजे पाच-सहा जूल. तरीही खरेदी अधिकृत शस्त्रविक्रेत्याकडूनच करा, ओळखपत्र आणि पत्त्याचा पुरावा द्या, पक्की पावती घ्या. मूल लहान असेल तर पावती पालकांच्या नावाने करा. पावतीची एक प्रत पिस्तुलाच्या पेटीत कायमची ठेवून द्या.

खरं, दारूगोळ्याचं पिस्तूल हा वेगळाच विषय आहे. त्यासाठी साताऱ्यात काय आणि सांगलीत काय, जिल्हाधिकाऱ्यांकडे अर्ज करावा लागतो, पोलिसांचा अहवाल जातो, वैद्यकीय आणि प्रशिक्षणाची प्रमाणपत्रं जोडावी लागतात. निवृत्त फौजी आहे म्हणून परवाना आपोआप हातात पडत नाही. लष्करात वापरतात ते ९ मिलिमीटर बोअर सामान्य नागरिकाला मिळतच नाही. आणि परवाना असला तरी आपल्या हाताने त्या पिस्तुलात फेरफार करायचे नसतात. शस्त्र बनवणं, बदलणं, दुरुस्त करणं यासाठी कलम ५ खाली स्वतंत्र परवाना लागतो. नकली पिस्तुलाचं खऱ्यात रूपांतर करायला कलम ६ ची मनाई आहे. २०१९ च्या दुरुस्तीनंतर या गुन्ह्यांना किमान सात वर्षं ते जन्मठेप अशी शिक्षा आहे. आपल्याकडच्या वर्तमानपत्रांत ‘देशी बनावटीचे पिस्तूल जप्त’ ही बातमी नित्याची झाली आहे, आणि त्यात पकडलेली पोरं बहुतेक विशीतली असतात. कुणी ‘स्वस्तात जमवून देतो’ म्हणाला तर तिथून निघून या. त्यावर चर्चासुद्धा करू नका.

इथून पुढे मी बोलतोय ते फक्त हवेच्या पिस्तुलाबद्दल. त्यातही ताकद वाढवणं हा विषय नाही. बदल करायचा तो मुठीत, चापात आणि नेमाच्या साधनांत.

फौजी दिसणारं का नको

दिसणं सोडा, त्याच्या आत काय असतं ते बघू. फौजी पिस्तुलाची हुबेहूब नक्कल असलेली हवेची पिस्तुलं बहुधा कार्बन डायऑक्साइडच्या छोट्या नळकांडीवर चालतात. या वायूचा दाब तापमानाबरोबर बदलतो. एप्रिलमधली सांगलीची दुपार आणि डिसेंबरमधली महाबळेश्वरची सकाळ, या दोन वेळांना तेच पिस्तूल वेगवेगळ्या उंचीवर छर्रा टाकतं. भराभर दहा फैरी झाडल्या तर नळकांडी गार पडते आणि दाब एका बैठकीतच उतरतो. यातली बरीच पिस्तुलं स्टीलच्या गोळीसाठी बनवलेली असतात. त्यांची नळी आतून गुळगुळीत असते, तिला आटे नसतात, त्यामुळे छर्रा फिरकी घेत नाही. शिवाय स्टीलची गोळी कठीण जागी आपटून उलटी येते, हा डोळ्याला सरळ धोका आहे. चाप लांब आणि जड. आणि असं पिस्तूल गच्चीवर किंवा एसटी स्टँडवर कुणाच्या नजरेला पडलं तर समोरच्याला ते खरंच वाटणार. पोलिसालासुद्धा.

स्प्रिंगचं पिस्तूल या मानाने बरं, पण त्यात दुसरी अडचण आहे. चाप ओढल्यावर आतला दट्ट्या जोरात पुढे धावतो आणि छर्रा नळीतून बाहेर पडायच्या आतच पिस्तूल हलतं. त्याचा धक्का सांभाळायला अनुभवी हात लागतो. नवख्याला आपली चूक कुठली आणि पिस्तुलाचा धक्का कुठला, हेच कळत नाही.

काय घ्यायचं

उरतात दोन प्रकार. पहिला, एका दाबाचं हवेचं पिस्तूल. वरचा किंवा खालचा दांडा एकदा उघडून मिटवला की एका फैरीपुरती हवा दाबली जाते. टाकी नाही, पंप नाही, वायू विकत घ्यायचा नाही. प्रत्येक फैरीला दाब जवळपास सारखा आणि धक्का जवळजवळ नाही. स्पेनचं गामो कॉम्पॅक्ट, जर्मनीचं वाइराउख एचडब्ल्यू ७५, इटलीचं एफएएस ६००४, रशियाचं बाइकाल आयझेडएच ४६ एम ही या जातीची नावाजलेली पिस्तुलं. त्यातलं कुठलं केव्हा मिळेल हे आयातीवर ठरतं. पहिल्या वर्ष-दोन वर्षांसाठी माझी शिफारस याच प्रकाराला आहे. त्याचा एकच खरा तोटा म्हणजे साठ फैरींचा सामना खेळताना साठ वेळा दांडा दाबावा लागतो आणि लहान मुलांचा खांदा त्याने दमतो. दांडा मिटवायचं काम सरावात पालकांनी करून दिलं तरी चालतं. फक्त नळी सतत लक्ष्याकडे हवी आणि दांडा मिटेपर्यंत कुणाचंही बोट चापाजवळ नको.

दुसरा प्रकार म्हणजे भरलेल्या हवेच्या टाकीवर चालणारं स्पर्धेचं पिस्तूल. ऑस्ट्रियाचं स्टायर, स्वित्झर्लंडचं मोरिनी, जर्मनीची वॉल्थर आणि फाइनवेर्कबाऊ, इटलीचं पारदिनी. नवं घ्यायचं तर लाखाच्या पुढे जावं लागतं. पण वापरलेलं घ्यायला हरकत नाही. वरच्या पातळीवरचे खेळाडू पिस्तूल बदलत राहतात आणि जुनं जपलेलंही असतं. कोल्हापूरची दुधाळी, पुण्याची बालेवाडी, मुंबईत वरळीची महाराष्ट्र रायफल असोसिएशनची रेंज, अशा ठिकाणी प्रशिक्षकांकडे विचारणा करून ठेवा.

वापरलेलं पिस्तूल बघताना सगळ्यात आधी टाकीवरची तारीख वाचा. पिस्तूल कितीही चकचकीत असो, स्टायर, वॉल्थर, फाइनवेर्कबाऊ यांसारखे निर्माते टाकीला दहा वर्षांचं आयुष्य देतात. त्यानंतर ती बदलायची, आणि नव्या टाकीचा खर्च सौद्यात धरायचा. मग टाकी २०० बारपर्यंत भरायला लावा आणि रात्रभर ठेवून सकाळी काटा बघा. उतरला असेल तर सील गेले आहेत. सील बदलणं अवघड नसतं, पण ते मिळवायला वेळ लागतो. नळीच्या तोंडाची कड उजेडात फिरवून बघा, तिथे खरवड असेल तर सौदा सोडा. मूठ कुठल्या मापाची आणि उजव्या की डाव्या हाताची, हेही विचारा. डावखुऱ्या मुलासाठी उजवी मूठ घेऊन ‘तासून घेऊ’ म्हणणं व्यर्थ आहे. व्यवहार लेखी करा आणि मूळ पावती मागून घ्या.

टाकीत फक्त स्वच्छ, कोरडी, दाबलेली हवा भरायची. क्लबच्या मोठ्या सिलिंडरवरून किंवा हातपंपाने. कुपवाडच्या किंवा साताऱ्याच्या औद्योगिक वसाहतीत ऑक्सिजनचे सिलिंडर सहज दिसतात. त्यावरून भरायचा विचार चुकूनही मनात आणू नका. दाबाखालचा ऑक्सिजन आणि आतल्या सीलचं ग्रीस एकत्र आलं की स्फोट होतो.

डोळा आणि पंजा

पिस्तूल निवडण्याआधी नेमाचा डोळा ओळखा. दोन्ही हात लांब करून पंजांमध्ये छोटी फट धरा आणि तिच्यातून भिंतीवरचं घड्याळ बघा. आता आळीपाळीने डोळे मिटा. ज्या डोळ्याला घड्याळ फटीतच दिसत राहतं तो तुमचा नेमाचा डोळा. तो आणि लिहायचा हात एकाच बाजूचे असले तर उत्तम. नसले तर प्रशिक्षकाशी बोलूनच हात ठरवा, कारण मूठ एकदा बसवली की बाजू बदलता येत नाही. दुसरा डोळा मिटून नेम धरायचा नाही, दोन्ही उघडे ठेवायचे. नको असलेल्या डोळ्यापुढे टोपीला किंवा चष्म्याला एक पट्टी लावतात. स्पर्धेत तिची रुंदी ३० मिलिमीटरपर्यंत चालते.

पंज्याचं माप मात्र पिस्तूल धरूनच कळतं. पिस्तूल हातात दिलं की मुलाचं लक्ष नेमाकडे जातं. पालकांनी बोटांकडे बघायचं. मधलं, करंगळीशेजारचं आणि करंगळी ही तीन बोटं मुठीला पुढून सरळ मागे ओढताहेत का? पहिल्या बोटाच्या टोकाचा मांसल भाग चापावर मधोमध पडतो का? बोटाच्या बाजूला मुठीचं लाकूड घासता कामा नये, तिथे थोडी फट दिसायला हवी. ते बोट लाकडाला टेकलं की चाप ओढताना पिस्तूलही बाजूला ओढलं जातं आणि छर्रे डावीकडे-उजवीकडे सांडतात.

मूठ

सगळा वेळ इथे द्या. पिस्तुलावर खर्च कमी झाला तरी चालेल, मुठीवर कष्ट कमी करू नका. पॅरिसला २०२४ मध्ये तुर्कस्तानच्या युसुफ दिकेच यांनी खास चष्मा, पट्ट्या काहीही न लावता, एक हात खिशात घालून मिश्र संघाचं रौप्य मिळवलं आणि जगभर त्यांचा फोटो फिरला. साधनांशिवाय जमतं, असा त्याचा अर्थ अनेकांनी घेतला. तो अर्थ अपुरा आहे. खास चष्मा नव्हता, पण हातातलं पिस्तूल स्पर्धेचंच होतं आणि ते हात अनेक वर्षांचे तयार होते.

पहिली परीक्षा रिकाम्या पिस्तुलाने. लक्ष्यासमोर उभे राहा, डोळे मिटा, हात उचला, एक श्वास सोडून हात स्थिर होऊ द्या आणि डोळे उघडा. नळीच्या टोकावरची नेमाची माशी मागच्या नेमाच्या खाचेत मधोमध, वरची कड समान दिसली तर मूठ बसली. तसं पहिल्यांदा होत नाही. मनगट वळवून माशी मध्यावर आणू नका. ते काम मुठीने करायचंय. ही परीक्षा वेगवेगळ्या दिवशी पुन्हा करा आणि माशी कुठे पडते ते वहीत लिहा. एका दिवसावर विश्वास ठेवून लाकूड कापू नका.

माशी सतत एकाच बाजूला जात असेल तर आधी मुठीचे स्क्रू बघा. महागड्या पिस्तुलांत मूठ फिरवायची, कलवायची सोय असते आणि बरंच काम तिथेच होतं. सोय नसेल तर भर घालायची. उजव्या हाताच्या नेमबाजाची माशी डावीकडे जात असेल तर मुठीच्या मागच्या-उजव्या अंगाला, तळहाताच्या टाचेखाली, पातळ भर घाला. पिस्तुलाची मागची बाजू डावीकडे ढकलली जाते आणि तोंड उजवीकडे वळतं. माशी खाली राहत असेल तर मुठीच्या मागच्या अंगाला, खालच्या भागात भर घाला, तोंड वर येतं. उलट दोष असेल तर त्याच जागी तासा. डावखुऱ्याने बाजू उलट धरायची.

भर घालायला लाकडावर चालणारी दोन भागांची इपॉक्सी पुटी वापरा. हार्डवेअरच्या दुकानात मिळणाऱ्या एम-सीलनेही काम भागतं. आधी मूठ पिस्तुलावरून उतरवा. भर घालायची जागा पॉलिश पेपरने खरखरीत करा, नाहीतर पुटी पुढे खपलीसारखी निघते. मूठ पुन्हा बसवा, आतल्या भागांत पुटी जाणार नाही असं झाका. पुटीवर स्वयंपाकघरातला पातळ प्लॅस्टिकचा कागद घाला आणि स्पर्धेत धरता तेवढ्याच जोराने धरा. आवळून धरलंत तर साचा आवळलेल्या हाताचा होईल. ठसा उमटला की हात अलगद सोडा, आणि पुटी पूर्ण कडक होईपर्यंत, सहसा दुसऱ्या दिवसापर्यंत, हात लावू नका.

आता तासणं. ओलसर खडू किंवा लिपस्टिक तळहाताला चोळून मूठ धरा. जिथे रंग गडद उमटतो तिथे हात जास्त टेकतोय. तिथेच बारीक कानशीने थोडं काढा, पुन्हा रंग लावा, पुन्हा धरा. ठसा सगळीकडे सारखा उमटायला लागेपर्यंत हेच करत राहायचं. तंबोऱ्याची जवारी लावणारा कारागीर दोन घास मारतो आणि तार छेडून ऐकतो, तसंच हे काम आहे. मिरजेजवळ राहत असाल तर लाकडाची अशी जाण असलेले हात तुमच्या गल्लीत आहेत. तिथल्या सतारमेकर घराण्यांचे पूर्वज शिकलगार होते, तलवारी-भाल्यांना धार लावत. एकोणिसाव्या शतकात हत्यारांची मागणी गेल्यावर त्यांच्यातल्या फरीदसाहेबांनी वाद्यांकडे हात वळवला, आणि २०२४ मध्ये मिरजेच्या सतारीला आणि तंबोऱ्याला भौगोलिक मानांकन मिळालं. अशा कारागिराकडे किंवा चांगल्या सुताराकडे काम द्यायचं तर फक्त मूठ न्या, पिस्तूल घरी कुलपात ठेवा. मुलाला मात्र बरोबर न्या, कारण माप त्याच्या पंजात आहे.

खालची फळी, जिच्यावर तळहाताची कड टेकते, ती अगदी घट्ट लावू नका. सामन्याच्या शेवटी हात किंचित सुजतो आणि सुरुवातीला बरोबर वाटलेली फळी चावायला लागते. हात आत सरकून सहज बसावा इतकी मोकळीक ठेवा.

नियम इथेच मोडले जातात, म्हणून ते आत्ताच पाठ करा. मुठीचा कुठलाही भाग मनगटाला आधार देता कामा नये, मनगट उघडं दिसायला हवं. खालची फळी मुठीशी ९० अंशांपेक्षा कमी कोनात नसावी आणि तिची कड वर वळलेली नसावी. सगळं पिस्तूल ४२० बाय २०० बाय ५० मिलिमीटरच्या पेटीत मावलं पाहिजे आणि वजन १५०० ग्रॅमच्या आत हवं. पुटीचा थर वाढवता वाढवता ५० मिलिमीटरची रुंदी ओलांडली जाते आणि सामन्याच्या सकाळी तपासणीच्या टेबलावर पोर रडकुंडीला येतं. घरीच पुठ्ठ्याची तेवढी पेटी करून ठेवा.

चाप

दहा मीटरला चापाचं वजन किमान ५०० ग्रॅम लागतं. तपासायला किराणा दुकानातलं प्रमाणित ५०० ग्रॅमचं वजन आणि तारेचा एक आकडा पुरतो. पिस्तूल रिकामं आहे हे दोनदा बघा. चाप चढवा, नळी सरळ वर धरा, आकडा चापाच्या मध्यावर अडकवा आणि वजन जमिनीवरून सावकाश उचला. चाप सुटला नाही तर ठीक. तारेच्या आकड्याची थोडी भर पडतेच, तेवढं वर राहिलं तर उत्तम. तंतोतंत ५०० वर लावू नका, थंडी-उन्हात स्प्रिंग बदलते.

चाप दोन टप्प्यांचा ठेवा. पहिल्या टप्प्यात बोटाला भार जाणवावा, मग एक स्पष्ट पायरी लागावी आणि तिथून थोड्या दाबाने सुटावं. एकूण भारातला मोठा वाटा पहिल्या टप्प्यात असू दे. स्क्रू एका वेळी पाव फेरा फिरवा आणि आधीची जागा वहीत नोंदवा. चापाच्या आतले खटके घासून गुळगुळीत करायच्या फंदात पडू नका. तिथे चूक झाली तर पिस्तूल हलक्या धक्क्यानेही सुटायला लागतं.

माशी, खाच, छर्रे

खाचेतल्या माशीच्या दोन्ही बाजूंना दिसणारा उजेड सुरुवातीला मोकळा ठेवा, प्रत्येक बाजूला माशीच्या साधारण निम्म्या रुंदीइतका. फटी फार बारीक केल्या की डोळा दमतो. माशीवर चमक येत असेल तर कापराची काजळी धरा. जुन्या नेमबाजांची ही पद्धत आजही तितकीच उपयोगी आहे. दुर्बीण, लेझर, आरसे यांपैकी काहीही स्पर्धेत चालत नाही, म्हणून सरावातही नको. नेम काळ्या गोलाच्या मध्यावर धरायचा नसतो, त्याच्या खाली पांढऱ्यात थोडी जागा सोडून धरायचा. नजर माशीवर, लक्ष्य धूसर.

छर्रे सपाट तोंडाचे, स्पर्धेचे घ्या. ते कागदात स्वच्छ गोल भोक पाडतात आणि गुण नीट वाचता येतात. पिस्तुलासाठी हलके छर्रे, ०.४५ ग्रॅमच्या आसपासचे, बहुधा चांगले पडतात. दोन-तीन कंपन्यांचा एकेक डबा आणा, पिस्तूल टेकवून प्रत्येकाचे दहा-दहा छर्रे झाडा आणि ज्याचा पुंजका लहान पडेल तो ठेवा. खाच फिरवायची ती पुंजक्याकडे बघून, एका छर्ऱ्याकडे बघून नाही. छर्रे जिकडे जायला हवेत तिकडे मागची खाच सरकवायची.

घरची रेंज

दहा मीटरची सरळ जागा साताऱ्यातल्या जुन्या वाड्यात किंवा सांगलीकडच्या घराच्या गच्चीवर मिळू शकते. लक्ष्याचा मध्य जमिनीपासून १.४ मीटरवर. त्यामागे तिरका लोखंडी पत्रा असलेली पेटी, तिच्यामागे जाड सतरंजी, तिच्यामागे भिंत. दार, खिडकी, जिना यांपैकी काहीही त्या रेषेत नको. गच्चीवर असाल तर लक्ष्यामागे पूर्ण उंचीची भिंत हवीच, कठडा पुरत नाही. जागा पाचच मीटर असेल तर लक्ष्य निम्म्या मापाचं छापा. मूळ काळा गोल ५९.५ मिलिमीटरचा आणि दहाचं वर्तुळ ११.५ मिलिमीटरचं असतं. छर्रे शिशाचे असतात. सरावानंतर साबणाने हात धुतल्याशिवाय खाणं-पिणं नाही. पेटीतलं शिसं झाडूने उडवू नका, ओल्या फडक्याने गोळा करा.

फैरी झाडत नसाल तेव्हा नळीतून नारिंगी दोरी आरपार घालून ठेवायची, स्पर्धेतही ती सक्तीची आहे. गवत कापायच्या यंत्राची नायलॉन दोरी यासाठी उत्तम. पिस्तूल आणि छर्रे वेगवेगळ्या कुलपात ठेवा. कृष्णाकाठच्या घरांनी पेटी वरच्या मजल्यावर ठेवावी. २०१९ आणि २०२१ च्या पुरानंतर हे सांगायची गरज नाही, पण पावसाळ्यातली दमट हवा पूर न येताही नळी गंजवते. पेटीत सिलिका जेलच्या पुड्या टाका आणि महिन्यातून एकदा त्या बदला. प्रवासात पेटी बंद, कुलूपबंद, पावतीसकट. एसटीत उघडून दाखवायची नाही, कुणी कितीही आग्रह केला तरी.

पुढे

सामना साठ फैरींचा आणि ७५ मिनिटांचा असतो. रोज साठ झाडायची गरज नाही. वीस छर्रे मन लावून आणि त्याच्या दुप्पट कोरा सराव, म्हणजे रिकाम्या पिस्तुलाने चाप सोडणं, यातून पहिल्या वर्षी जास्त मिळतं. त्यासाठी पिस्तुलात कोऱ्या सरावाची सोय आहे का, हे खरेदीच्या वेळीच बघून घ्या. जिल्हा रायफल असोसिएशनमध्ये नाव नोंदवा, मग राज्य स्पर्धा. तिथे गुण पुरे पडले तर ग. वा. मावळंकर यांच्या नावाची अखिल भारतीय स्पर्धा आणि तिथून राष्ट्रीय. मावळंकर हे लोकसभेचे पहिले अध्यक्ष, १९५१ साली राष्ट्रीय रायफल संघटना उभी करण्यात त्यांचाच पुढाकार होता. आणि हा रस्ता आपल्या भागातून पुढे जातो हे सिद्ध झालेलं आहे. कोल्हापूरच्या राही सरनोबत यांनी २०१८ च्या जकार्ता-पालेम्बांग आशियाई स्पर्धेत २५ मीटर पिस्तूलचं सुवर्ण जिंकलं, आणि आशियाई स्पर्धेत नेमबाजीचं सुवर्ण घेणाऱ्या त्या पहिल्या भारतीय महिला ठरल्या.

वाढत्या वयाच्या मुलाची मूठ दर तीन-चार महिन्यांनी पुन्हा तपासा. डोळे मिटून हात उचलायची तीच परीक्षा, तीच वही. पंजा वाढला असेल तर भर तासून काढा, आणि मूठच लहान पडू लागली तर फक्त मूठ बदला, पिस्तूल नाही. बदललेली जुनी मूठ टाकून देऊ नका. क्लबमध्ये नव्याने आलेल्या एखाद्या लहान पोराच्या हाताला ती जवळपास बसेल, आणि बाकीचं काम पुटी आणि कानस करतील.